माझ्याविना चालेल असा व्यवसाय

प्रश्न : इतवारीतील व्यापाऱ्यांची जीएसटी विवरणपत्रे मी भरून देतो. मी आजारी पडलो की सारेच अडते. हा व्यवसाय पुढे विकता येईल का?
– एक करसल्लागार, नागपूर

उत्तर : आज तरी नाही, कारण ग्राहकांचा विश्वास तुमच्या पद्धतीवर नसून तुमच्यावर आहे. मासिक विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ ची (विक्रीचा तपशील) मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेची आणि जीएसटीआर-३बी ची (महिन्याचा गोषवारा व करभरणा) २० तारखेची असल्याने, बिले कधी मागवायची, ती कोणी तपासायची आणि कोठे अडल्यास तुम्हाला विचारायचे, हे सारे लिहून काढून ही सेवा सहायकाकरवी ठरावीक मासिक शुल्कात देता येते. करविभागाच्या नोटिशींची उत्तरे मात्र त्यात घालू नका. तेथे तुमचा अनुभव लागतो, त्याचा दर वेगळा ठेवा. जुने ग्राहक कुरकुरतील (‘घरच्याच माणसाला एवढे पैसे?’). सहायकाने तीन महिने तुम्हाला न विचारता काम निभावले, की मगच व्यवसाय विकण्याची, त्याच्या किमतीची बोलणी काढा.