डेलिकेट आर्चला मुलांना नेताना: वाचकांची प्रश्नोत्तरे

उन्हाळी सुट्टी जवळ आली की अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या आर्चेस नॅशनल पार्कबद्दल, त्यातही डेलिकेट आर्च या नैसर्गिक दगडी कमानीच्या वाटेबद्दल तेच तेच प्रश्न येऊ लागतात. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि ही वाट मुलांसोबत चाललोही आहे, म्हणून सगळ्यांना एकदमच उत्तरं देतो.

प्र. वाट किती लांब आहे? सहा वर्षांची मुलगी चालेल का?
जाऊन-येऊन सुमारे ४.८ किलोमीटर, चढ दीडशे मीटरच्या आसपास. एरवी भरपूर चालणारी मुलगी असेल तर चालेल. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका. कमानीच्या अलीकडे सुमारे १८० मीटर वाट खडकाच्या कडेने जाते. तिथे तिचा हात सोडायचा नाही.

प्र. स्ट्रोलर नेता येईल?
नाही.

प्र. जूनमध्ये पार्कजवळच्या मोआब गावात नाश्ता उरकून अकरापर्यंत चढायला लागलो तर चालेल ना? हवा कोरडी असते, घामही येत नाही म्हणतात.
कोण म्हणतं? घाम येतो, फक्त लगेच वाळतो. मुलाच्या कानशिलावरून बोट फिरवून बघा, बारीक रेतीसारखं काहीतरी लागेल. ते मीठ आहे. टोपीच्या कडेला पांढरी रेघ उमटलेली असते आणि शर्ट मात्र कोरडा.

वाट उघड्या खडकावरून चढते, सावली जवळजवळ नाहीच, आणि उन्हाळ्यात पारा अनेकदा ३८ अंशांच्या वर जातो. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की शरीर बाहेरची उष्णता ओढून घेऊ लागतं. वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे त्यांच्या अंगात ती जास्त शिरते. शिवाय खेळाच्या नादात मूल पाणी मागत नाही, आपणच आठवणीने पाजावं लागतं. तेव्हा अकरा वाजता चढायला लागायचं नाही, अकराच्या बरंच आधी खाली परत यायचं. उजाडताच निघा. उठायला उशीर झाला तर त्या दिवशीचा बेत रद्द करा, मुलं रडली तरी.

डोकं दुखतंय, मळमळतंय, मूल उगाच किरकिर करतंय, तर सावली मिळेल तिथे बसवा, पाणी पाजा आणि मागे फिरा. कमान पुढच्या वळणावर असली तरीही. बोलणं असंबद्ध झालं, तोल जायला लागला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा. ‘अंगाला घाम आहे म्हणजे उष्माघात नाही’ ही ऐकीव गोष्ट जीवघेणी आहे. कपडे ओले करा, वारा घालत राहा, ९११ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. रेंज नसेल तर कुणाला तरी खाली धाडा. पॅरासिटामॉल देऊ नका. ते तापावरचं औषध आहे, उन्हाने तापलेल्या शरीरावर ते चालत नाही.

प्र. मिठाच्या गोळ्या, इलेक्ट्रोलाइट पावडर, गारवा देणारा टॉवेल, यातलं काय घ्यावं?
मिठाच्या गोळ्या मुलांना अजिबात नकोत. पावडरच्या पाकिटावर धावपटूचं चित्र असतं, पण दोन-तीन तासांच्या चालीला साधं पाणी आणि खारट खाऊ पुरतो. त्या टॉवेलचं काम ओला सुती पंचा करतो. माणशी किमान दोन लिटर पाणी व्हिजिटर सेंटरपाशी भरून घ्या, वाटेवर कुठेही मिळणार नाही. मुलाला किडनीचा विकार किंवा मधुमेह असेल तर पाण्या-मिठाचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

प्र. चार महिन्यांच्या बाळाला छातीशी बांधून नेलं तर?
उन्हाळ्यात नको. तुमच्या अंगाची उष्णता त्याला लागते आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनही सहसा लावत नाहीत. गारव्याच्या महिन्यांतही आधी त्याच्या डॉक्टरांना दाखवा.

प्र. कमानीवर चढून फोटो काढता येतो का?
चढायला बंदी आहे. याच पार्कमधली वॉल आर्च ऑगस्ट २००८मध्ये एका रात्रीत कोसळली. आणि फोटोसाठी वाट सोडून काळपट, खरबरीत मातीवर पाय देऊ नका. तो सूक्ष्मजीवांचा जिवंत थर आहे, तुटला की सावरायला अनेक वर्षं लागतात.

प्र. आजी-आजोबांचे गुडघे दुखतात. त्यांनी गाडीतच बसायचं का?
उन्हात उभ्या गाडीत कुणालाच बसवू नका! लोअर व्ह्यूपॉइंट गाडीतळापासून शंभरेक पावलांवर आहे. कमान तिथून लांब दिसते, पण दिसते. आजोबा रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेत असतील तर त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोला.

प्र. प्रवेशाची वेळ आधी राखून ठेवावी लागते का?
नियम वर्षागणिक बदलतात. निघण्याआधी पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा आणि गेल्यावर वाटेबद्दल, हवेबद्दल रेंजरला विचारा.