बुल गार्ड लावण्याआधी
नवी पिकअप घेतलीस, फार आनंद झाला! पण इंदूरला लगेच कुणाकडून बुल गार्ड, म्हणजे गाडीच्या पुढे लावतात ती धातूच्या पाइपची चौकट, ठोकून घेऊ नकोस, भाऊ. डिसेंबर 2017 मध्येच केंद्राने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलंय, चालान होतं. ते राहू दे, खरी भीती वेगळीच. गाडीचा पुढचा भाग चेपून धडकेचा जोर जिरवतो. गार्ड थेट चॅसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, बोल्टने आवळला की तो धक्का आत बसलेल्यांपर्यंत पोचतो, एअरबॅग उघडण्याची वेळही चुकू शकते. पायी चालणाऱ्याला तर तो पाइप जीवघेणाच. मी माझा काढला तेव्हा ब्रॅकेटचं भोक झिजून लांबट झालेलं, कडेने गंज. सांवेरकडे रात्री नीलगायीची धास्ती वाटते ना? वेग कमी ठेव, हेडलाइटचा फोकस नीट लावून घे.