पेपरक्रीटच्या विटा वरून कडक, आतून ओल्या

प्रश्न : ताई, आम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहतो. गच्चीवर कुंड्या ठेवायला कट्टा करायचा म्हणून रद्दी पेपर भिजवून, लगदा करून, त्यात सिमेंट आणि थोडी वाळू घालून पेपरक्रीटच्या विटा पाडल्या. आठवडा झाला, वरून कडक लागतात पण एक फोडली तर आत चांगलीच ओल. साच्यापेक्षा लहान झाल्यात, काही तर वाकल्यापण. सिमेंट कमी पडलं का? आता रचल्या तर चालतील?

उत्तर : दादा, आत्ता रचू नका प्लीज. आणि नुसत्या आकसण्यावरून सिमेंट कमी पडलं असं म्हणता येत नाही. कागदाचे तंतू पाणी पिऊन फुगलेले असतात, ते पाणी गेलं की तंतू बसतात आणि वीट आकसते, लगदा जितका जास्त तितकी जास्त. वाळू वाढवली तर आकसणं कमी होतं पण वीट जड होते आणि उष्णता अडवायचा गुणही कमी होतो, म्हणून वाळू बेतानेच.

सुकणं वेगळं आणि सिमेंट पिकणं वेगळं, इथेच बहुतेकांची गडबड होते. सिमेंट पाणी उडून घट्ट होत नाही, पाण्याशी रिअ‍ॅक्शन होऊन होतं, त्याची ताकद तपासतात तीसुद्धा 28 दिवसांनी. म्हणून सुरुवातीचे काही दिवस विटा सावलीत, ओल्या गोणपाटाखाली हव्यात. थेट उन्हात ठेवल्या की वरची बाजू आधी आकसते, खालची ओलीच राहते, तुमच्या वाकल्या त्या बहुधा अशाच. आता त्या आडव्या न ठेवता कडेवर उभ्या करा, मध्ये फट सोडा म्हणजे चारही बाजूंनी वारा लागेल, आणि अधूनमधून फिरवत राहा.

सुकली की नाही ते हाताला कळत नाही, वजन करा. दोनतीन विटांवर खूण करून दर आठवड्याला काट्यावर ठेवा, वजन उतरायचं थांबलं की मगच रचा, नाहीतर भिंतीत आकसून सांधे उघडतील आणि प्लास्टरला तडे जातील. ठाण्याच्या पावसाळ्यात तर हे जवळजवळ होतच नाही, हवाच इतकी दमट की वाळायच्या ऐवजी बुरशी धरते, त्यामुळे दिवाळीनंतर विटा पाडून मेपर्यंत काम उरकायचं.

आता कुंड्यांचं. मनापासून सांगते, या विटा तिथे नकोच. रोज पाणी घालणार, ते मुरणार, सुकलेली वीटसुद्धा स्पंजसारखी परत ओढून घेते आणि मऊ पडते. कट्टा साध्या विटांचा करा आणि या विटा घरात, भार न येणाऱ्या पार्टिशनला वापरा, फक्त बाथरूमची भिंत सोडून.