उबुंटू सर्व्हरवर कर्नल किती दिवसांनी अपडेट करावा?

दिवस मोजण्यापेक्षा अपडेट कशासाठी आलंय ते बघा. लिनक्स कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, नवी मुख्य आवृत्ती साधारण ९-१० आठवड्यांनी येते, पण सर्व्हरने तिच्यामागे धावायची गरज नाही. एलटीएसवर, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट मिळणाऱ्या आवृत्तीवर, राहा आणि उबुंटूकडून येणारे सुरक्षेचे अपडेट घेत जा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या रात्री, रीबूटसकट केलं तरी बहुतेकांना पुरतं.

गंभीर त्रुटी निघाली तर मात्र थांबायचं नाही. मार्च २०२२ मध्ये ‘डर्टी पाइप’ जाहीर झाली. ५.८ पासूनच्या कर्नलमध्ये साधा यूजरसुद्धा, फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलमधला मजकूर बदलू शकत होता, आणि त्यातून थेट रूट (मशीनवर सगळे अधिकार असलेला यूजर) होऊ शकत होता. मशीनवर अनेकांची लॉगिन असतील तर असा अपडेट त्याच दिवशी घ्या.

आणि रीबूट टाळू नका! पॅकेज बसलं तरी रीबूट होईपर्यंत जुनाच कर्नल चालू राहतो. ‘युनेम -आर’ (uname -r) ही कमांड देऊन बघा, कोणता कर्नल चालू आहे ते लगेच कळेल. नव्या कर्नलवर नेटवर्क कार्ड किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर रुसला, तर ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल लोड करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूतून मागचा कर्नल निवडता येतो. म्हणून नवा नीट चालतोय याची खात्री होईपर्यंत जुना काढू नका.