पटांगणावरची मैफल की सभागृहातलं सप्रयोग व्याख्यान?

प्रश्न : आमच्या शहरातल्या कलामहोत्सवात एकाच संध्याकाळी दोन कार्यक्रम आहेत. पटांगणावर नामवंत गायकाची मैफल, आणि सभागृहात मारवा-पूरिया या रागांवर सप्रयोग व्याख्यान. मला रागातलं काही कळत नाही. कुठे जाऊ? आणि कलाकार मंचावर येऊन इतका वेळ तंबोरे का लावत बसतात? आधीच लावून का आणत नाहीत?

उत्तर : सभागृहात जा. रागातलं कळत नाही म्हणूनच जा. मी वर्षानुवर्षं गायकांच्या मागे तंबोऱ्यावर बसते आहे, आणि मारवा-पूरियाची जोडी समोर उलगडताना ऐकण्याची संधी मी स्वतः कधी सोडत नाही. दोन्ही रागांचे सूर तेच. रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, पंचम (प) वर्ज्य म्हणजे घ्यायचाच नाही, बाकी शुद्ध. पण मारव्यात गायक रिषभ-धैवतावर (रे-ध) रेंगाळतो, षड्जावर (सा) यायचं टाळत राहतो आणि ऐकणाऱ्याला हुरहुर लागते. पूरियात गंधार-निषादाला (ग-नी) मान. राग मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात रमतो आणि मन शांत होतं. हेच सूर तार, म्हणजे वरच्या, षड्जाभोवती खेळवले की तिसरा राग, सोहनी! वाचून हे पटायचं नाही, कानांनीच ऐकायला हवं. व्याख्यानात गायक थांबतो, तीच जागा पुन्हा गाऊन दाखवतो, तुम्हाला विचारताही येतं. भर मैफलीत कोण थांबणार? पटांगणावर पुढच्या वर्षी जा. तेव्हा ते गाणं तुम्हाला निराळंच ऐकू येईल.

आता तंबोरे. आम्ही आत लावूनच आणतो हो! पण मंचावरच्या दिव्यांनी तार तापली की सैल पडते, सूर उतरतो. उघड्यावर गार वारा सुटला की चढतो. भोपळा आणि लाकूड हवेतला दमटपणा धरतात, तो त्रास वेगळाच. शिवाय मारवा-पूरियात पंचम नाही, म्हणून पहिली तार पंचमाऐवजी बहुधा निषादात लावतात. आधी तार ताणणारी खुंटी, मग बारीक फरक करणारा मणी, मग जवारीवरचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवरचा, दोरा. तेवढा वेळ कृपा करून गप्पा थांबवा आणि ऐका. तंबोरा नेमका लागला की खर्जाच्या, म्हणजे खालच्या 'सा'च्या, तारेतून कुणीही न छेडलेला गंधार उमटतो. माझ्या लेखी मैफल तिथेच सुरू होते.

प्रश्न : महोत्सवात ललत, भैरव असे पहाटे-सकाळचे किंवा उत्तररात्रीचे राग फारसे ऐकायलाच मिळत नाहीत. असं का?

उत्तर : वेळेमुळे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंतच, सूट देऊ शकतं. पुण्यात 1953 साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सवही एके काळी रात्रभर चालायचा. नियम योग्यच आहे. शेजारच्या आजारी माणसाला झोप हवीच. पण बंद सभागृहातल्या कार्यक्रमाला ही अडचण नाही, आणि पहाटे सहानंतर तर उघड्यावरही नाही. तेव्हा आयोजकांना पत्र लिहा आणि सकाळचं सत्र मागा. जागा छोटी असली तरी चालेल, ध्वनिक्षेपक नसला तर फारच छान. मागणी श्रोत्यांकडून आली की आयोजक ऐकतात, हे मी पाहिलं आहे.