दीड वर्षाचं मूल पुस्तकासमोर बसत नाही, अक्षरांचा तक्ता लावू का?

तुमचा मुलगा दीड वर्षाचा, पुस्तक दिलं की चावतो, दुसऱ्या पानाला उठून पळतो. म्हणून भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावावा का, असं तुम्ही विचारलंय.

तक्ता राहू द्या. आमची लेक या वयात अगदी अशीच होती. जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाचे कोपरे तिने चघळून मऊ केले होते. तिला धरून बसवायचं मी सोडलं आणि ती घरभर फिरत असताना मोठ्याने वाचत राहिले. कुत्र्याचं पान आलं की मी ‘भू भू’ करायचे, स्वयंपाकघरातून ‘भू भू’ यायचं आणि पाठोपाठ ती धावत येऊन चित्रावर बोट ठेवायची. पायांनी पळत होती, कान पुस्तकातच होते.

गाण्यांनी तर फारच साथ दिली. पावसाचं आपलं जुनं गाणं म्हणताना पैसा ‘खोटा’ झाला की पुढच्या ओळीतल्या शेवटच्या शब्दाआधी मी थांबायचे. सुरुवातीला ती नुसती माझ्या तोंडाकडे बघायची. काही आठवड्यांनी ‘ता!’ आलं, मग ‘मोता!’. शब्दांच्या पोटात आवाज असतात आणि ते एकमेकांशी जुळतात, हे कानाला आधी कळलं तर पुढे अक्षर ओळखणं सोपं जातं. मोबाइलवरचं गाणं मात्र मुलासाठी असं थांबत नाही, म्हणून ते स्वतःच म्हणा. सूर चुकला तरी चालेल.

अडीच वर्षांची झाल्यावर आम्ही आंघोळीच्या वेळी टाळ्या वाजवत शब्द तोडायचो: बा-हु-ली, मा-सो-ळी. तीन टाळ्या, आणि लिहायचं झालं तरी तीनच अक्षरं. मराठीत ही मोठी सोय आहे. (‘घर’ म्हणताना टाळी एकच पडते आणि अक्षरं दोन, त्यामुळे असे शब्द नंतर घ्या.)

तो रोज तेच पुस्तक मागेल, तेच वाचा. दर पानावर ‘हे काय, ते काय’ विचारून परीक्षा मात्र घेऊ नका. ‘मांजर दूध पितंय, तू पण प्यायलास ना?’ एवढं बोललात तरी पुरे. पुस्तकं महाग वाटली तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट मिळतात. दोन-तीन छापून आणा, फाटल्या तरी जीव हळहळणार नाही.

आणि घरात आजी असतील तर त्यांना गायला सांगा. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, त्यांच्या ओठावर जे असेल ते.