एजन्सीमार्फत ग्रंथालयातली नोकरी: घ्यावी की नाही?

तासगावहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी शिवाजी विद्यापीठातून एम.लिब. (ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) झाली. सांगलीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात एजन्सीमार्फत ११ महिन्यांचं काम मिळतंय. ‘पुढचं पुढे बघू,’ असं कॉलेज म्हणतं. वडील विचारतात, काम घ्यावं का, आणि त्यातून ती कायम होईल का?

नमस्कार.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमची सगळी आशा तिथे आहे. या वाटेनं ती कायम होईल असं धरून चालू नका. नेमणूकपत्र एजन्सीचं असेल, कॉलेजचं नाही. अनुदानित कॉलेजातलं ग्रंथपालाचं पद शासनाची ना हरकत, जाहिरात आणि निवड समिती यांतूनच भरतात. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत आहे) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते (नियमांप्रमाणे पीएच.डी. असेल तर तिच्यातून सूट मिळते). म्हणून नोकरी घेतली तरी अभ्यास सुटता कामा नये. नेट वर्षातून दोनदा होते आणि तिच्यातल्या सहायक प्राध्यापक पात्रतेला (ग्रंथपालपदालाही तीच चालते) वयाची अट नाही.

आता काम घ्यावं का? कॉलेज तिच्या हाती कोणतं काम देणार आहे, त्यावर ठरवा. कॉलेजं बाहेर देतात ती कामं साधारण ठरलेली असतात: बारकोड चिकटवणं, आरएफआयडी टॅग (पुस्तक रेडिओ लहरींनी ओळखणारी चिप) लावणं, बांधणी, जुन्या अंकांचं स्कॅनिंग. ती बाहेर गेली तर बिघडत नाही, पण एम.लिब. झालेल्या मुलीनं वर्षभर तेवढंच करू नये.

तालिकीकरणाचं, म्हणजे प्रत्येक पुस्तकाची सूचीत नोंद करण्याचं, मात्र वेगळं आहे, आणि तेही सर्रास बाहेर दिलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. दर नोंदीमागे पैसे मिळणारा माणूस मुखपृष्ठ बघून भराभर टाइप करतो. एका पुस्तकाला लेखक ‘कुसुमाग्रज’, दुसऱ्याला ‘शिरवाडकर, वि. वा.’, तिसऱ्याला रोमन लिपीत आणखी काही. ही सगळी नावं एकाच माणसाची, हे त्या नोंदींना कुणी सांगितलेलंच नसतं. मग एम.ए.चा विद्यार्थी कोहामध्ये (ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत) नाव शोधतो, निम्मी पुस्तकं दिसतच नाहीत, आणि पुस्तक कपाटात असून तो हात हलवत परत जातो. ही नावं जोडणं, विषय ठरवणं, वर्गांक (पुस्तकाचा विषयवार क्रमांक) देणं हेच आपल्या विद्येचं काम. ते तिला मिळणार असेल, तर एजन्सीची नोकरीसुद्धा जरूर घ्यावी. सोबत देवघेवीच्या टेबलावर बसायला मिळालं आणि एन-लिस्टवरची (कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन संग्रहातली) ई-पुस्तकं मुलांना शोधून देता आली, तर उत्तमच.

पगाराचं लेखी घ्या. हातात किती, पीएफ किती, हे पत्रात स्पष्ट हवं. पीएफ कापला जात असेल तर यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) मागून घ्या आणि दर महिन्याला पासबुकात रक्कम जमा होते का, ते तिनंच मोबाइलवर तपासावं. अनुभवाचा दाखला एजन्सी देईलच, पण कोणतं काम केलं ते लिहिलेलं ग्रंथपालांच्या सहीचं पत्रही मागावं. पुढच्या मुलाखतीत त्याचा उपयोग होतो.

होकार कळवण्याआधी तिला एकदा त्या ग्रंथालयात पाठवा. ग्रंथपालांना भेटून तिनं एवढंच विचारावं: नव्या मराठी पुस्तकाला वर्गांक कोण देतं? ‘मी देतो, तुम्हीही द्याल,’ म्हणाले तर रुजू होऊ द्या. ‘ते एजन्सी बघते, तुम्ही फक्त टॅग लावा,’ म्हणाले, तर या वर्षी घरी बसून सेटचा अभ्यास केलेला बरा.